दार अडकण्याआधीचा नकार

पुणे
रविवार

प्रिय सुहास,

तुझी संहिता दोनदा वाचली. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमावर चाळीस मिनिटांची फिल्म करायची आणि त्यासाठी ‘पेळ्ळी चूपुलू’ हा तेलुगू सिनेमा समोर ठेवायचा, हे मनापासून पटलं. पेळ्ळी म्हणजे लग्न, चूपुलू म्हणजे नजरा, बघणं. आपल्या ‘बघण्याच्या कार्यक्रमा’चं सख्खं भावंडच. दिग्दर्शक तरुण भास्करचा हा पहिला मोठा सिनेमा, २०१६ चा. तेलुगूतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला आणि संवादांचाही मिळाला. संवादांचा पुरस्कार लक्षात ठेव, कारण तुझी अडचण नेमकी तिथेच आहे.

तू त्यातलं अडकलेलं दार उचललंस. मुलगा-मुलगी बोलायला खोलीत जातात, दार उघडत नाही, बाहेर वडीलधारे ताटकळतात. पण दार ही तिथली सगळ्यात सोपी गोष्ट आहे. त्या सिनेमातली मुलगी, चित्रा, मुळात लग्नाला तयारच नसते. नकार आधीच झालेला, त्यामुळे छाप पाडायचं कारण उरत नाही. म्हणून ती फसलेलं प्रेम आणि अडलेला फूड ट्रक सांगू शकते, मुलगा, प्रशांत, रखडलेलं इंजिनिअरिंग आणि स्वयंपाकाची ओढ सांगू शकतो. तुझे दोघं पहिल्याच पानावर एकमेकांना आवडतात आणि मग दार अडकतं. आवडलेल्या माणसापुढे कुणी आपले राहिलेले विषय मोजून दाखवतं का? सातव्या पानापासून पंधराव्यापर्यंतचं बोलणं अवघडलेलं वाटतं ते यामुळेच. पान १ वर तिचा नकार ठेव, अगदी एका वाक्यात, आणि बाकीचं आहे तसं राहू दे. अर्धे संवाद आपोआप ताठ उभे राहतील.

दुसरा सांधा चुकलेल्या पत्त्याचा. दार उघडतं आणि कळतं की मुलाकडचे भलत्याच घरी आलेत. हा नुसता हशा काढायचा धक्का नाही. घरच्यांनी बांधलेला धागा तिथे तुटतो, आता ती दोघं पुन्हा भेटली तर स्वतःच्या गरजेपोटीच भेटणार. प्रशांतला, खरं जायचं होतं त्या घरच्या होऊ घातलेल्या श्रीमंत सासऱ्याला कर्तबगारी दाखवायची आहे, चित्राला ट्रकसाठी स्वयंपाक येणारा माणूस हवा आहे. तो शेगडीपाशी, ती व्यवहार सांभाळायला. प्रेम त्या कामातून येतं, म्हणून खरं वाटतं.

पत्ता चुकवायचा तर तो आधी पेरावा लागतो. तू लिहिलंयस, ‘चुकून शेजारच्या घरी जातात.’ हे कुणी मानणार नाही, कारण आपल्याकडे दारातच ‘आपण कोण?’ विचारतात. मी सुचवतो ते असं: एकाच सोसायटीत बी-३०४ आणि डी-३०४. फोनवर बी आणि डी सारखेच ऐकू येतात. हा फोन पान २ वर हवा, मागे कुकरची शिट्टी चालू असताना. गेटवरच्या वहीत वॉचमन ‘बी’ लिहितो ते कॅमेऱ्याने ओझरतं दाखवायचं. शिवाय दोन्ही घरी त्याच दिवशी पाहुणे अपेक्षित हवेत, म्हणजे बी-मधली आई नाव न विचारता ‘या, या’ म्हणेल. आणि बी-मध्ये खरे येणारे पाहुणे का आले नाहीत, याचं उत्तर शेवटाआधी द्यायलाच हवं. हे भोक राहिलं तर प्रेक्षक उरलेला वेळ तेच शोधत बसतो.

बोलीबद्दल. प्रियदर्शीने केलेला मित्र कौशिक तेलंगणाची बोली बोलतो. ती बोली तेलुगू पडद्यावर बराच काळ गुंडाच्या नाहीतर गावंढळाच्या वाट्याला यायची, इथे ती मित्राच्या घरची भाषा आहे. तुझ्या संहितेतला बंड्या नांदेडचा आहे, तर त्याला पुणेरी मराठी का देतोस? मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. देगलूर-धर्माबादकडे आजही तेलुगू कानावर पडते. त्याला त्याच्या गावाचं बोलू दे. मात्र हशा बोलीवर नको, तो काय म्हणतो त्यावर हवा.

त्या सिनेमात आवाज चित्रीकरणातच टिपलाय, म्हणून बोलण्यातले श्वास आणि अडखळणं शिल्लक राहिलं. तूही तसंच कर, पण तुझी खोली दहा बाय बारा, भिंती उघड्या. आवाज घुमणार. कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या दोन भिंतींवर जाड गोधड्या टांग. पंखा आणि फ्रिज बंद, आणि फ्रिज पुन्हा चालू करायची आठवण राहावी म्हणून गाडीची किल्ली त्यातच ठेव. जरीच्या साडीत माइक लावलास तर खरखर येईल, सुती नेसव. प्रत्येक ठिकाणी खोलीची नुसती शांतता ३० सेकंद टिप, संकलनात सांधे झाकायला तीच लागते.

पोह्यांचं गणित तू धरलंच नाहीस. एक किलो जाडे पोहे म्हणजे साधारण दहा-बारा बशा. चार माणसं आणि पाच टेक धर, वीस बशा झाल्या. दिव्यांखाली पोहे वीस मिनिटांत कोरडे पडतात, तेव्हा एकदम न करता थोडे थोडे फोडणीला टाका. वाफ दिसायला प्रकाश मागून हवा, समोरून अजिबात दिसत नाही. नटांना खरं खायला लावू नकोस, चमचा हातात राहू दे, नाहीतर प्रत्येक टेकला बशीतला ढीग वेगळा दिसेल.

एक शंका तुझ्या मनात असणार, की हे मराठीत उतरेल का. हिंदीत २०१८ साली ‘मित्रों’ झाला तेव्हा गोष्ट गुजरातेत गेली. मल्याळममध्ये २०१९ ला, तमिळमध्ये २०२१ ला पुन्हा झाली. सांगाडा प्रवास करतो. पण तुला तो सबंध घ्यायचा नाही, ट्रक तर अजिबात नको. तुझ्या दोघांना एकत्र करायला काय काम द्यायचं, ते तूच शोध. डब्यांचा व्यवसाय लिहिलायस तो चालेल, फक्त त्यात पैसे कुठे अडकतात ते एका प्रसंगात दिसू दे.

पुढचा खर्डा सबंध पाठवू नकोस. आधी पान २ वरचा फोन लिहून पाठव, आणि दार उघडायला येणाऱ्या सुताराला एक नाव दे.

तुझा,
मिलिंद