वकील झाल्या, नागरिक नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या सामान्यज्ञानाच्या सदरात ‘जगातील पहिली महिला राजदूत कोण?’ याचे उत्तर अलेक्झांड्रा कोलोन्ताय असे छापले आहे. माझी नात स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करते. तिने ते वहीत उतरवले आणि मी ते खोडायला लावले. कोलोन्तायबाई सोव्हिएत प्रतिनिधी म्हणून नॉर्वेत काम पाहू लागल्या त्या १९२३ साली. त्याच्या पाच वर्षे आधी, नोव्हेंबर १९१८ मध्ये, हंगेरीच्या कारोयी सरकारने शांततावादी कार्यकर्त्या रोझिका श्विमर यांना आपला वकील, म्हणजे सरकारचा परदेशातला प्रतिनिधी, म्हणून स्वित्झर्लंडला पाठवले होते. (काटेकोरपणे पाहिले तर तेव्हा दोघींचाही हुद्दा राजदूताच्या एक पायरी खालचा. पण ती चाळणी लावली तर आपले उत्तरही गळते.)

श्विमरबाईंची वकिली काही महिनेच टिकली. बाई समोर बसून बोलणी करणार, हे स्विस अधिकाऱ्यांच्या पचनी पडले नाही. तिकडे हंगेरीत सरकारेच बदलत गेली आणि बाईंना देश सोडावा लागला. त्याआधी १९१५ मध्ये मोटारवाल्या हेन्री फोर्डला गळ घालून, पहिले महायुद्ध थांबवण्यासाठी त्यांनी ‘ऑस्कर दुसरा’ ही बोट युरोपला न्यायला लावली होती. वृत्तपत्रांनी त्या मोहिमेची यथेच्छ टर उडवली. फोर्डसाहेब नॉर्वेतूनच माघारी फिरले आणि हसे बाईंचे झाले.

पण मला खरे सांगायचे आहे ते पुढचे. १९२१ मध्ये त्या अमेरिकेत आल्या आणि नागरिकत्वासाठी अर्ज केला. अर्जात प्रश्न होता, देशाच्या रक्षणासाठी गरज पडल्यास शस्त्र हाती घ्याल का? बाईंनी ‘नाही’ असे लिहिले. पन्नाशीच्या बाईच्या हाती कोणते सैन्य बंदूक देणार होते! ‘हो’ लिहून मोकळे होता आले असते. आपण कितीतरी अर्जांवर डोळे मिटून सही करतोच की. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९२९ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी बाई हरल्या. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती होम्स तेव्हा ८८ वर्षांचे होते. तरुणपणी यादवी युद्धात लढून तीनदा जखमी झालेला हा माणूस. युद्ध नाहीसे होईल, हा बाईंचा आशावाद त्यांना पटत नव्हता. तरीही त्यांनी लिहिले की, विचारस्वातंत्र्य म्हणजे आपल्याला नकोशा वाटणाऱ्या विचारालाही स्वातंत्र्य.

तो निकाल न्यायालयाने १९४६ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात फिरवला. बाई मात्र ऑगस्ट १९४८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वारल्या, त्या कोणत्याच देशाच्या नागरिक नसताना. शांततेच्या नोबेलसाठी त्या वर्षी त्यांचे नाव सुचवलेले होते. पण १९४८ चे ते पारितोषिक कोणालाच दिले गेले नाही, कारण योग्य अशी हयात व्यक्ती नाही, असे समितीने कळवले. त्याच वर्षी जानेवारीत आपल्याकडे काय घडले होते, हे वाचकांना सांगायला नको.

पुढच्या रविवारी दुरुस्ती छापावी, ही विनंती. नात मात्र म्हणते, “आजी, उत्तरतालिकेत कोलोन्तायच असणार, मी तेच लिहीन.”

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा