टाकीखाली वाकून पाहणाऱ्या तपासणी अधिकाऱ्यांस

माननीय तपासणी अधिकारी साहेब,

स. न. वि. वि.

महामार्गावरील तपासणीत माझा ट्रक बाजूला घेऊन आपण डिझेलच्या टाकीविषयी पत्रकात ज्या चार ओळी लिहिल्या, त्यांच्यामुळे माझ्यावरचा चोरीचा आळ दूर झाला आणि माझी नोकरी टिकली. तेव्हा आपले आभार मानणे राहून गेले, कारण त्या ओळींचे मोल मला स्वतःलाच पुढे कळले. हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे ते अशासाठी, की रात्री गाडी उभी करून झोपणाऱ्या आणि सकाळी टाकी रिकामी झालेली पाहणाऱ्या इतर चालकांनाही त्यातले काही उपयोगी पडावे.

डिझेल कमी आले की पहिला संशय चालकावर येतो. गाडी त्याच्या ताब्यात आणि चावी त्याच्या खिशात, तेव्हा मालकाला दुसरे कोणी दिसत नाही. माझ्या बाबतीत तर झाकण शाबूत होते, त्यावरचे कुलूपही शाबूत होते आणि रात्रीतून शंभराहून अधिक लिटर डिझेल गेले होते. ‘कुलूप न तोडता चोराने डिझेल काढले कसे?’ या मालकांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. थंडीने डिझेल आकसते, गाडी उतारावर उभी असली की काटा कमी दाखवतो, असे सोबतच्या चालकांनी सुचवून पाहिले. त्यात तथ्य आहे, पण ४०० लिटर डिझेल १५ अंश सेल्सिअसने थंड झाले तरी घट भरते जेमतेम ५ लिटरची. उरलेल्या डिझेलची वसुली माझ्या पगारातून करायचे मालकांनी फोनवर सांगून टाकले होते.

अशा मनःस्थितीत आपण हात दाखवून गाडी थांबवलीत, तेव्हा मला तो दुष्काळात तेरावा महिना वाटला, हे आपल्यापासून लपवत नाही. माल पोहोचवायची वेळ ठरलेली असते आणि तपासणीत गेलेला वेळ भरून निघत नाही, त्यामुळे आम्ही चालक तपासणीकडे अडथळा म्हणूनच पाहतो. आपण मात्र चाकांखाली ठोकळे लावायला सांगितलेत, इंजिन बंद करून मला ब्रेक दाबून धरायला लावलेत आणि स्वतः खाली शिरून, हवेच्या दाबाने सरकून प्रत्येक चाकाचा ब्रेक लावणाऱ्या दांड्याची चाल, म्हणजे तो किती सरकतो ते, मोजलीत. मागच्या एका चाकाची चाल इतरांपेक्षा जास्त भरली. हवेच्या दाबाचा काटा पूर्ण दिसत असला तरी दांडा जास्त सरकू लागला की त्या चाकाचा ब्रेक पुरेशा जोराने लागत नाही, आणि लांबलचक उतारावर ड्रम तापून फुगला की ती चाल आणखी वाढते, हे आपण मला तिथेच समजावून सांगितलेत. इतकी वर्षे दाबाच्या काट्यावर विसंबून गाडी हाकणाऱ्या माणसाला हे कोणीतरी सांगायलाच हवे होते.

त्यानंतर आपण टॉर्च टाकीच्या तळाकडे वळवलात. तळाला सगळीकडे रस्त्याच्या धुळीचा सुकलेला थर होता, पण निचऱ्याच्या नटाभोवती तळहाताएवढी जागा पुसल्यासारखी स्वच्छ होती. नटाच्या कडांवर पान्याचे ताजे, चकाकणारे ओरखडे होते आणि नटाच्या टोकाला डिझेलचा थेंब लोंबत होता. चोराने नट सैल करून डिझेल खालून काढून घेतले होते आणि जाताना तो घाईने पुन्हा आवळला होता. त्यात तांब्याचा वॉशर नीट न बसल्यामुळे गळती सुरू होती. वरच्या कुलपाला हातही न लावता टाकी कशी रिकामी झाली, याचे उत्तर समोर होते.

गळती थांबेपर्यंत गाडी हलवायची नाही, असे आपण बजावलेत, आणि ते योग्यच होते. डिझेल पेट्रोलसारखे चटकन पेट घेत नाही हे खरे, पण तापलेल्या एक्झॉस्टवर ते ठिबकत राहिले तर आग लागू शकते, आणि रस्त्यावर सांडलेल्या डिझेलवरून मागचा दुचाकीस्वार घसरतो. फिटर येईपर्यंत थांबावे लागले. त्याने नवा वॉशर घातला, ब्रेकची चालही जुळवून दिली. एवढे झाल्यावर ‘इंधनगळती, दुरुस्त’ असे लिहून आपण मोकळे झाला असता तरी आपल्या कामात कसूर राहिली नसती. आपण त्यापुढे नटावरील ओरखड्यांची, पुसल्या गेलेल्या धुळीची आणि शाबूत कुलपाची नोंद केलीत आणि नट अलीकडेच बाहेरून उघडला गेल्याची चिन्हे असल्याचे लिहून खाली सही केलीत. चालक निर्दोष आहे, असे आपण कुठेही लिहिले नाही. डोळ्यांनी दिसले तेवढेच लिहिलेत. त्यामुळेच मालकांना ते खोडता आले नाही. वसुली रद्द झाली.

निघताना आपण एक साधी युक्ती सांगितली होतीत: नट घट्ट आवळल्यावर नट आणि टाकी या दोन्हींवरून रंगाची एक सरळ रेघ ओढावी, म्हणजे कोणी नट फिरवला की रेघ तुटलेली दिसते. आता रात्री गाडी उभी करताना आणि सकाळी निघण्यापूर्वी मी त्या रेघेचा फोटो काढून मालकांना पाठवतो. झाकणाच्या तोंडात बसवायची जाळी डिझेल ओढणाऱ्या चोराची नळी आत शिरू देत नाही, पण तळाच्या नटापुढे ती निरुपयोगी असते, हे पटल्यावर मालकांनी सगळ्याच गाड्यांच्या नटांवर कुलूपबंद लोखंडी आवरण बसवून घेतले आहे. शक्य असेल तिथे टाकीची बाजू भिंतीला किंवा दुसऱ्या गाडीला लागून येईल अशीच गाडी आम्ही उभी करतो.

आपल्यासोबतच्या तरुण सहकाऱ्यांनी ओल्या जमिनीवर आडवे पडून टॉर्च धरला होता. त्यांचाही मी ऋणी आहे. माझा नमस्कार त्यांना अवश्य कळवावा.

आपला नम्र,
एक ट्रकचालक