लॅब आली, शिकवणार कोण?

महोदय,

केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये ५० हजार अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी स्वतःच्या हाताने वस्तू बनवून शिकण्याच्या प्रयोगशाळा, उभारण्याची घोषणा झाली. मुलांच्या हाती सेन्सर, सोल्डरिंग गन, थ्रीडी प्रिंटर येणार याचा आनंदच आहे. पण हे सगळे शिकवणार कोण?

२०१६ पासूनच्या या योजनेत शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळते. आमच्या तालुक्यातील एका शाळेतली लॅब मी पाहिली. प्रिंटरवर प्लॅस्टिकचे आवरण तसेच, किट खोक्यात. किल्ली विज्ञानाच्या सरांकडे. त्यांच्या डोक्यावर दहावीचे तास, वर निवडणुकीची कामे, आणि एखादी वस्तू जळाली तर जाब त्यांनाच. ते कुलूप कशाला काढतील? दोष त्यांचा नाहीच. नववीपासूनच्या व्यवसाय शिक्षणाचे प्रशिक्षक तर ठेकेदार संस्थेमार्फत, कंत्राटावर. मानधन रखडल्याच्या त्यांच्या तक्रारी नित्याच्याच.

आपल्याच राज्यात याहून वेगळे काम झालेले आहे. शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातील (जि. पुणे) पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे आकाराला आलेल्या ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या विषयात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, वायरिंग, माती परीक्षण अशी कामे स्वतःच्या हाताने करतात. शिकवायला गावातले जाणकार.

मी अशा एका तासाला बसलो होतो. दिवा लागेना, तेव्हा नववीतल्या मुलीने आधी मेन स्विच बंद केला, मल्टीमीटर कंटिन्युइटीवर (वायर सलग जोडलेली आहे का ते दाखवणाऱ्या खुणेवर) लावला आणि होल्डरपासून एकेक जोड तपासत मागे आली. स्विचच्या स्क्रूखाली वायरीचे इन्सुलेशनच दाबले गेले होते, तांबे टेकतच नव्हते! प्रोग्राममधली चूक शोधणाराही हेच करतो. कुठवर ठीक आहे ते पाहतो, मग पुढचे तपासतो. आयटीतल्या नोकरीची तयारी म्हणतात ती हीच, आणि ती व्हिडिओ पाहून होत नाही.

म्हणून शालेय शिक्षण विभागाला विनंती आहे की, यंत्रखरेदीआधी प्रत्येक लॅबसाठी निदेशकाचे, म्हणजे हाताने काम करून शिकवणाऱ्याचे, कायम पद मंजूर करावे. जवळच्या आयटीआयचे निदेशक आठवड्यातून एक दिवस शाळेत आले तरी सुरुवात होईल. तो दिवस वेळापत्रकात छापलेला असावा, नाहीतर परीक्षा जवळ आली की गणिताचा जादा तास तिथेच बसतो. सोल्डर, फ्लक्स, थ्रीडी प्रिंटरचे फिलामेंट अशा वापरून संपणाऱ्या सामानासाठी दरवर्षी वेगळी रक्कम हवी. आणि वस्तू वापरताना बिघडली तर शिक्षकाकडून वसुली होणार नाही, असे शासन निर्णयात स्पष्ट लिहावे.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षक, जि. सोलापूर