पडदा तिच्याकडे वळवलात, डॉक्टर

सोनोग्राफीच्या डॉक्टरांना सप्रेम नमस्कार.

माझ्या ९ वर्षांच्या लेकीचं ऑपरेशन होऊन महिना झाला. पत्र तेव्हाच लिहायचं होतं, पण लिहायला बसले की डोळे भरून यायचे.

आठ महिने ती पोट धरून बसायची. जेवण झालं की उजव्या बरगडीखाली कळ यायची, कधी उलटी व्हायची. कुणी जंताचं औषध दिलं, कुणी गॅस म्हणालं. एकांनी तर तिच्यादेखत सांगितलं, ‘शाळा बुडवायचे बहाणे आहेत, लक्ष देऊ नका.’ आधीची सोनोग्राफी भरल्या पोटी झाली होती. खाल्लं की पित्ताशय आकसतं, मग त्यात काय दिसणार? ‘उपाशीपोटी या’ एवढंही कुणी सांगितलं नाही. आणि मीही एकदा तिच्यावर ओरडले होते. ते अजून सलतं.

तुम्ही मात्र मध्येच हात थांबवलात आणि पडदा वळवलात. माझ्याकडे नाही, तिच्याकडे. ‘हे बघ, तुझ्या पित्ताशयाची भिंत जाड झालीय. तिच्यात बारीक बारीक खिसे झालेत. त्यांच्या मागे या चमकत्या शेपट्या दिसतात ना, धूमकेतूसारख्या? तू खरंच सांगत होतीस हं.’ तिने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. आवळून धरलेली माझी बोटं तिने हळूच सोडली.

ॲडिनोमायोमॅटोसिस हे नाव मी कधी ऐकलंही नव्हतं. मोठ्या माणसांत आढळणारा, मुलांत अगदीच दुर्मीळ असा हा आजार. ‘हा कॅन्सर नव्हे’ हे मी विचारायच्या आधीच तुम्ही सांगितलंत. तरी काढलेल्या पित्ताशयाचा बायोप्सी रिपोर्ट हातात पडेपर्यंत जीव टांगणीला होता. दुखणं थांबेना म्हणून सर्जननी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. पित्त यकृतात बनतं, साठवायची पिशवी नसली तरी थेट आतड्यात उतरतं, हे कळल्यावर माझा जीव भांड्यात पडला.

तिला खोटं ठरवणारेही शिकलेलेच होते, डॉक्टर. एवढ्याशा पोरीचं म्हणणं पुरतं ऐकून घ्यावं, असं तुम्हाला वाटलं. अशी माणसं आहेत म्हणून आमच्यासारखे पुन्हा एकदा दवाखान्याची पायरी चढतात.

परवा ती मैत्रिणीला पोटावरच्या बारीक खुणा दाखवत होती. म्हणाली, ‘आत धूमकेतू होते. आईच्या आधी मला दाखवले.’

तुमची ऋणी,
तिची आई