बसायच्या जागा सांगणाऱ्या काकूंस

आदरणीय काकू,

सा. न. वि. वि.

सोमवारी पहाटे कसारा घाट चढून आम्ही नाशिकला पोहोचलो आणि त्याच संध्याकाळी मी तुमच्याकडे यायला निघाले, तेव्हा तुम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या कठड्यावरून ‘आभार-बिभार काही नको, आधी झोप काढ’ असे सांगून मला जिन्यातूनच परत पाठवलेत. तोंडी बोलू दिले नाहीत, म्हणून हे पत्र लिहीत आहे, आणि चार लोक वाचतील असे उघड लिहीत आहे. तुमचे नाव मात्र घातलेले नाही, कारण ते घातले तर उद्यापासून तुमच्या गॅलरीत सिंगापूरला निघालेल्यांची रांग लागेल आणि त्याचा राग तुम्ही माझ्यावरच काढाल.

आईचा पासपोर्ट नऊ वर्षांपूर्वी काढलेला होता, बाबांच्या पासपोर्टाबरोबर. त्यानंतर बाबा गेले, आणि तो कपाटात दागिन्यांच्या डब्याखाली तसाच राहिला, एकही शिक्का न पडलेला. त्याची मुदत संपत आल्याचे या उन्हाळ्यात माझ्या लक्षात आले. मला शाळेतून मिळणारी सुट्टी म्हणजे श्रावणातला एक जोडून आलेला शनिवार-रविवार. आईचे वय ७२, दोन्ही गुडघे झिजलेले, आणि चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य. एवढ्या अटींत बसणारा प्रवास कोणी आखून देईल का, हे विचारत मी जवळजवळ महिनाभर या शहरात फिरले.

त्या महिन्याविषयी थोडे लिहिल्यावाचून मला राहवत नाही. एका कार्यालयात मला सांगण्यात आले की दोन दिवसांत सिंगापूर ‘होत नाही’, जणू ती एखादी पूजा आहे आणि मी निम्म्यावरून उठणार आहे. दुसऱ्या ठिकाणी लगेच एक रंगीत कार्यक्रमपत्रिका मिळाली, तिच्यात शनिवारच्या एका दिवसात ११ ठिकाणे होती आणि त्यांपैकी एक पाळण्यांचे उद्यान होते. आईच्या गुडघ्यांचे सांगितल्यावर टेबलापलीकडच्या तरुणाने अतिशय नम्रपणे सुचवले, ‘मग माताजींना हॉटेलवर आराम करू द्या ना, तुम्ही फिरून या.’ तिसरे आमच्याच नात्यातले, दोनदा जाऊन आलेले. त्यांचे मत असे की तिथे सगळे नवे आणि काचेचे आहे, आईसारख्यांनी बघावे असे काही नाही. या तिघांपैकी एकालाही मी खोटारडे म्हणणार नाही. पण आई किती चालू शकते, हा प्रश्न त्यांतल्या एकानेही विचारला नाही.

तुम्ही तोच पहिला विचारलात. मी सिंगापूरचे नाव काढले, आणि तुम्ही चहाचा कप खाली ठेवून म्हणालात, ‘सलग किती चालते ती? मिनिटांत सांग.’ मला उत्तर देता आले नाही, याची मला आजही लाज वाटते. त्या रात्री आईला विचारले, तेव्हा ती नेहमीप्रमाणे ‘चालते की मी’ म्हणाली. तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाली, ‘दहा-बारा मिनिटं, मग थोडं टेकावं लागतं.’ तुमच्या बेताचा पाया ही दहा-बारा मिनिटे होती.

तुम्हाला ते शहर ठाऊक आहे ते लेकीच्या बाळंतपणांमुळे, नातवंडांना सांभाळायला सहा-सहा महिने तिच्या फ्लॅटमध्ये राहिल्यामुळे. पर्यटक शहर बघतो ते धावत. तुम्ही ते बाबागाडी ढकलत, भाजीची पिशवी सांभाळत आणि स्वतःचे गुडघे चोळत पाहिलेले. त्यामुळे कोणत्या स्टेशनाची लिफ्ट कोणत्या तोंडाला आहे, दुपारी एक ते चार बाहेर का पडू नये, सरी कोसळू लागल्या तर कोणत्या आडोशाला जायचे, हे तुम्हाला तोंडपाठ. मुंबईहून विमान साडेपाच तासांचे, तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, म्हणजे रात्रीच्या विमानाने पोहोचलेल्या दिवसाची सकाळ हिशेबात धरायचीच नाही, हेही तुम्हीच बजावलेत. व्हिसा आणि तिकिटांचा भाग मी गाळते. तो कोणीही करून देतो.

गेल्या वर्षीच्या दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या पानावर तुम्ही निळ्या पेनाने रस्ते काढलेत आणि सांगितलेत की एका वेळी एकच रस्ता धरायचा. राहिले ते राहू द्यायचे, शहर कुठे पळून जात नाही. मग पेन बदलून त्या रस्त्यांवर हिरव्या शाईची बारीक वर्तुळे काढू लागलात. मी मोजली, १७ होती. मला वाटले ती प्रेक्षणीय स्थळे असावीत, म्हणून मी वही उघडून नावे लिहायला बसले, तर तुम्ही म्हणालात, ‘अगं, ती बाकं आहेत. नाहीतर कट्टे. बसायच्या जागा.’

काकू, या पत्राचे खरे कारण ती १७ वर्तुळे आहेत. ‘तुम्ही जाऊन या, मी इथेच थांबते’ हे आईचे वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्या ठिकाणी ऐकले आहे की ते मला ऐकू येईनासेच झाले होते. सप्तशृंगीच्या पायऱ्यांखाली, अंजनेरीच्या वाटेवर, रामकुंडावरच्या गर्दीत ती पिशव्या सांभाळत थांबायची आणि आम्ही ‘बरं’ म्हणून पुढे जायचो. सिंगापुरात हे वाक्य तिने एकदाही उच्चारले नाही. थांबणे बेतातच लिहिलेले होते आणि ते सगळ्यांसाठी होते. दहा मिनिटे झाली की माझा मुलगा पान बघून ‘आजी, पुढचं हिरवं आलं’ असे ओरडायचा आणि आम्ही तिघेही बसायचो. आपल्यामुळे कोणाचा खोळंबा होतो आहे, हा तिच्या चेहऱ्यावरचा नेहमीचा अपराधी भाव त्या दोन दिवसांत मला कुठेच दिसला नाही.

बसल्यामुळे दिसलेही जास्त. साऊथ ब्रिज रोडवर तुम्ही तीन वर्तुळे काढली होती. त्या एका रस्त्यावर, आईच्या पावलांनीसुद्धा दहा मिनिटांच्या आत, तमिळ मुसलमानांनी १८२६ मध्ये स्थापलेली जामे मशीद आहे, तिच्याजवळच १८२७ चे श्री मारिअम्मन देऊळ आहे आणि पुढे २००७ साली उघडलेले बुद्धाच्या दंतधातूचे भव्य मंदिर. मशिदीतून बाहेर पडणारी माणसे आणि गोपुराखाली चपला काढणारी माणसे एकाच फुटपाथावरून एकमेकांना वाट देत होती. आई बराच वेळ ते बघत बसली आणि मग म्हणाली, ‘इथे कोणाला कोणाची घाई नाही.’ त्या महागड्या, धावत्या शहराविषयी हे विधान सरसकट खरे नसेल, पण त्या कट्ट्यावरून ते खरे होते.

तेलोक आयर रस्त्याची गोष्ट तुम्ही गॅलरीत सांगितली होती, ती मी आईला तिथे बसूनच सांगितली. आज समुद्र तिथून दिसतही नाही, पण भराव घालण्यापूर्वी हा रस्ता म्हणजे किनारा होता. चीनमधून आलेले मजूर आणि व्यापारी तिथे उतरायचे आणि वादळातून जिवंत पोहोचवल्याबद्दल माझू या सागरदेवीचे आभार मानायचे. त्या आभारांचेच पुढे १८३९ ते १८४२ या काळात थियान हॉक केंग हे देऊळ झाले. त्याच रस्त्यावर तमिळ किनाऱ्यावरून आलेल्यांनी आपल्या नागोरच्या पिराची आठवण म्हणून दर्गा बांधला. आईने देवीला हात जोडले आणि पुटपुटली, ‘आम्हालाही नीट पोचवलंस.’ आम्ही वातानुकूलित विमानाने आलो होतो, हे मी तिला सांगितले नाही.

रविवारी सकाळी वॉटर्लू स्ट्रीट. ‘इथे गेलात नाहीत तर मला तोंड दाखवू नका’ असा तुमचा दम होता, त्याचे कारण तिथे पोहोचल्यावर कळले. करुणेची देवी क्वान इम हिचे चिनी मंदिर आणि श्रीकृष्णाचे देऊळ अगदी शेजारी, मधल्या रस्त्यावर कमळे विकणाऱ्या बाया. क्वान इमच्या दर्शनाहून निघालेले कितीतरी चिनी लोक तसेच कृष्णाच्या दारात येऊन उदबत्ती लावून हात जोडत होते. त्यांना कोणी अडवत नव्हते, कोणी विचारतही नव्हते. ज्या नाशिकमध्ये काळारामाचे दर्शन घेऊ द्या म्हणून १९३० साली डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली आपल्याच माणसांना सत्याग्रह करावा लागला, त्या नाशिकहून मी आले होते, आणि माझ्या घशात थोडे अडकल्यासारखे झाले. आईने मात्र शेजारी उभ्या असलेल्या एका चिनी आजींकडून उदबत्ती पेटवून घेतली आणि क्वान इमकडेही जाऊन आली.

तिच्या जेवणाची चिंता तुम्ही तिथेच मिटवून ठेवली होती. चिनी बौद्ध शाकाहारी खाणावळीत कांदा-लसूणही चालत नाही, हे तुम्ही सांगितले तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. समोर आलेल्या भाताकडे आणि सोयाबीनच्या भाजीकडे आईने आधी संशयाने पाहिले, मग सगळे संपवले, आणि ‘यांचाही चातुर्मास असतो का गं?’ असे विचारले. टेबलावर रुमालांची छोटी पुडी ठेवली की जागा आपली होते, ही तुमची युक्तीही चालली. जेवण झाल्यावर आपला ट्रे आपणच उचलून ठेवायचा असतो, हे माझ्या मुलाने घरी आल्यावरही लक्षात ठेवावे, एवढीच माझी इच्छा आहे.

लिटल इंडियाच्या बाबतीत तुमची सूचना मी पानावरून जशीच्या तशी उतरवते: ‘शनिवारी जा. रविवारी संध्याकाळी तिथली बाकं त्यांची.’ ते म्हणजे बांधकामावर राबणारे तमिळ आणि बांगलादेशी मजूर, ज्यांना आठवड्यात मोकळी मिळते ती बहुधा तेवढी एकच संध्याकाळ. ‘गर्दी असते, टाळा’ असे कोणीही सांगितले असते. तिथे बसण्याचा आपल्यापेक्षा जास्त हक्क कोणाचा आहे, हा विचार तुम्ही केलात. म्हणून शनिवारी दुपारची झोप काढून आम्ही सेरंगून रोडला गेलो, १९४७ पासून चालत आलेल्या कोमला विलासमध्ये डोसा खाल्ला आणि जागा रिकामी करून दिली.

तुमच्या लेकीच्या इमारतीखालच्या मोकळ्या मजल्याविषयी तुम्ही बोलायचात, तेही मला पुनःपुन्हा आठवत राहिले. एका आठवड्यात तिथे मलय लग्नाचा मांडव, पुढच्या आठवड्यात चिनी घरातले सुतक, आणि एरवी तुम्ही व खालच्या मजल्यावरच्या मलय आजी एकाच बाकावर. तुम्हाला मलय येत नाही, त्यांना मराठी नाही. पण त्यांचे ‘नामा’ म्हणजे आपले नाव, ‘बहासा’ म्हणजे भाषा आणि ‘सुआमी’ म्हणजे नवरा, एवढ्या शब्दांवर तुम्ही दोघींनी नवऱ्यांच्या तक्रारी सहा महिने चालवल्यात. सरकारी इमारतींमध्ये सगळ्या समाजांची घरे मिसळून असावीत, म्हणून तिथे १९८९ पासून प्रत्येक इमारतीला प्रमाण ठरवून दिलेले आहे. त्या नियमाचा काच अल्पसंख्याकांना घर विकताना बसतो, हेही तुम्ही लपवले नाहीत. तरी आपल्याकडे भाड्याच्या घराची चौकशी आडनावापासून सुरू होते, हे मला विसरता येत नाही.

सुलतान मशिदीच्या घुमटाखालचा काळा पट्टा बघायला तुम्ही सांगितले होते. तो गरिबांनी दिलेल्या काचेच्या बाटल्यांच्या बुडांचा आहे, वर्गणी देणे ज्यांना परवडत नव्हते त्यांचाही हात लागावा म्हणून. आई लगेच म्हणाली, ‘खारीचा वाटा की गं हा!’ मी त्या पट्ट्याचा फोटो काढला आहे, तुम्हाला दाखवीन.

तुमचे पान या पत्रासोबत परत पाठवत आहे. घड्यांवर थोडे फाटले आहे आणि एका कोपऱ्यावर सांबाराचा डाग आहे, त्याबद्दल क्षमा असावी. त्यावर आता १८ वर्तुळे आहेत. अठरावे आईने स्वतः पेन्सिलीने काढले आहे, तेलोक आयरवर, जिथे तुम्ही काही खूण केली नव्हती. ती जागा तिने शोधली आहे, आणि ती कशी सापडली हे मी सांगायचे नाही, अशी मला ताकीद आहे. येत्या रविवारी ती तुमच्याकडे येऊन स्वतःच सांगणार आहे. तुमच्या इमारतीची लिफ्ट अजून बंद असल्याचे मी तिच्या कानावर घातले, त्यावर तिचा निरोप असा: दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक खुर्ची ठेवा.

आपली,
समोरच्या इमारतीतली मास्तरीणबाई
नाशिक