दिवाळी अंकाची प्रुफं आणि लॅपटॉपचा स्क्रीन

पुणे

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी अंकाची प्रुफं वाचायला तुला लॅपटॉप हवाय; दुकानदाराने एक ‘एचडी’ आणि एक फोर-के असे दोन पुढे ठेवलेत, शिवाय मधल्या किमतीतले दोन-तीन आहेतच, आणि तू गोंधळलास. फोनवर आकडे सांगितले की तू “हो, हो” म्हणतोस आणि पुढच्या मिनिटाला विसरतोस. म्हणून लिहूनच पाठवतोय.

आधी त्या ‘एचडी’ला भुलू नकोस. स्वस्तातल्या लॅपटॉपवर हे लिहिलेलं असतं तेव्हा बहुतेक वेळा रिझोल्यूशन १३६६×७६८ असतं, म्हणजे साधारण साडेदहा लाख ठिपके. फुल एचडी म्हणजे १९२०×१०८०, वीस लाखांच्या वर. १५.६ इंची स्क्रीनवर पहिल्यात इंचाला जेमतेम १०० ठिपके पडतात, दुसऱ्यात १४१. इंग्रजी मजकूर वाचणाऱ्याचं शंभरात निभावतं, आपलं नाही. नेहमीच्या मापात ‘द्ध’ आणि ‘द्व’ शेजारी शेजारी टाइप करून बघ. ‘ध’ची गाठ बुजली की ‘धन’ आणि ‘घन’ सारखेच. रफाराला अनुस्वार चिकटला तर तो आहे की नाही हे अंदाजानेच ठरवायचं. आणि तू तर प्रुफं वाचणार! अंदाजाने प्रुफं वाचलेले अंक आपण दोघांनीही पुष्कळ पाहिलेत.

मग फोर-केच घेऊ का, असं म्हणशील. नको. ३८४०×२१६० म्हणजे जवळजवळ ८३ लाख ठिपके, फुल एचडीच्या चौपट. चौदा-पंधरा इंचांत ते इतके दाटीवाटीने बसतात की अक्षरं वाचता यावीत म्हणून विंडोज ती २०० किंवा २५० टक्के मोठी करूनच दाखवतं. म्हणजे पानावरचा मजकूर वाढत नाही, फक्त कडा गुळगुळीत होतात. निरोगी नजरेला ५५-६० सेंटिमीटरवरून इंचाला साधारण दीडशे-एकशे साठ ठिपके वेगळे ओळखू येतात. तुझ्या-माझ्या प्रोग्रेसिव्ह चष्म्यातून त्यापलीकडचं काय दिसणार? बॅटरी मात्र लवकर उतरते, आणि तुमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. फोटोंवर काम करणाऱ्याने खुशाल घ्यावा.

तू घ्यावास तो १६ इंची, १९२०×१२००. या ठिकाणी जरा थांब, कारण दुकानदार हे सांगणार नाही. १५.६ इंची जुन्या आकाराचा आणि १६ इंची नव्या आकाराचा स्क्रीन रुंदीला सारखेच, साडेचौतीस सेंटिमीटर. फरक आहे तो उंचीत: नवा दोनेक सेंटिमीटर जास्त उंच. सिनेमा बघणाऱ्याला त्या जागेत काळी पट्टी दिसेल. तुला मात्र वर वर्डची रिबन, खाली टास्कबार जाऊनही पानाच्या तीन-चार ओळी जास्त मिळतात. दिवसभर स्क्रोल करणाऱ्याला त्याची किंमत कळते. छोटा, पिशवीत मावणारा हवा असेल तर याच रिझोल्यूशनचा १४ इंचीही चालेल, पण तू मिरजेत टेबलावर बसून काम करणारा माणूस, तुला पिशवीची काय घाई?

घरी आणल्यावर अक्षरं बारीक वाटली तरी रिझोल्यूशनला हात लावायचा नाही. एलसीडीवरचे ठिपके मोजून बसवलेले असतात. १९२० वरून १३६६ वर उतरलास की एका ठिपक्याचं काम १.४ ठिपक्यांवर पसरतं आणि सगळं धुरकट होतं. त्याऐवजी सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग डिस्प्ले, तिथे ‘स्केल’ १२५ कर, नाहीतर १५०. तुझं जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर तेवढं फुगलेलं, अस्पष्ट दिसू शकेल. ते स्केलिंगच्या आधीच्या काळातलं, म्हणून विंडोज त्याचं चित्र नुसतं ताणून मोठं करतं. त्याच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, त्यात हाय डीपीआयचा पर्याय आहे. तिथे अडलास तर फोन कर, मी माझ्या लॅपटॉपसमोर बसून सांगेन.

बाकी पॅनेल आयपीएस हवं, म्हणजे तिरकं बघितलं तरी नीट दिसणारं. आणि मॅट, म्हणजे न चकाकणारं हवं, नाहीतर खिडकीतला उजेड डोळ्यांवर येईल. प्रकाश ३०० निट्सच्या आसपास. टच नको.

दुकानात जाताना पेन ड्राइव्हवर मागच्या अंकाची एक पीडीएफ ने. तिथले डेमो व्हिडिओ बघू नकोस, त्यात फुलपाखरंच सुंदर दिसतात. तुझी कविता-पानं शंभर टक्क्यांवर उघड, नेहमीच्या अंतरावर बस, आणि तळटिपा वाचता येतात का बघ. दुकानदार वैतागला तर वैतागू दे.

वहिनींना नमस्कार सांग. अंकासाठीचा माझा लेख अजून अर्धाच झालाय, त्याची आठवण या महिन्यात तरी करू नकोस.

तुझा,
अविनाश