आधी मेडिकल करा, मग बाग विका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पायलट कसं व्हायचं यावर पानभर मजकूर आलाय तो वाचला. सोमवारी दुकान उघडायच्या आत तेच पान मला तिघांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, कारण आमच्या भागात विमानाचं काहीही निघालं की ते फिरून माझ्याकडे येतं. नाशिकला माझं मेडिकल स्टोअर आहे, वय 49, आणि माझ्याकडे प्रायव्हेट पायलट लायसन्स आहे, म्हणजे पीपीएल. गल्लीत मला "मेडिकलवाले पायलट" म्हणतात, त्यात कौतुक किती आणि चेष्टा किती ते अजून कळलेलं नाही.

तुमच्या लेखात पीपीएल ही एअरलाइनच्या नोकरीची पहिली पायरी असल्यासारखं लिहिलंय. तसं नाहीये हो. पीपीएलवर एक रुपयाही कमवता येत नाही, भाडं घेऊन माणसं नेता येत नाहीत, पगार घेऊन विमान चालवता येत नाही. हे हौसेचं लायसन्स आहे. नोकरीसाठी लागतं ते कमर्शियल, त्याला उड्डाणाचे 200 तास लागतात, आणि आपल्याकडे बरीच पोरं पीपीएल न काढता स्टुडंट लायसन्सवरून थेट कमर्शियलकडेच जातात. पीपीएलला दहावी पास चालते, वय 17 पूर्ण लागतं, तास किमान 40. कमर्शियलला बारावीला फिजिक्स-मॅथ्स. या दोन गोष्टी एका पानात कालवल्या की वाचणाऱ्या बापाच्या डोक्यात काय होतं ते मी काउंटरवर बसून बघतो म्हणून हे पत्र.

निफाडकडचे एक द्राक्षवाले माझ्याकडे औषधं न्यायला येतात. मुलगा बारावीला चांगले मार्क घेऊन पास झाला, कुठल्याशा अकॅडमीच्या सेमिनारला गेले, तिथं मोठ्या पडद्यावर निळं आकाश, पांढरा शर्ट, खांद्यावर पट्ट्या, आणि सीट राखून ठेवायला पाच लाख भरून आले, उरलेल्यासाठी बागेचा एक तुकडा विकायचं ठरलं होतं. मला म्हणाले, दादा तुम्ही तर पायलट आहात, जरा पोराला सांगा पुढं काय. मी एकच विचारलं, मेडिकल झालं का, म्हणजे पायलटची डॉक्टरी तपासणी? ते म्हणाले, तब्येत ठणठणीत आहे, कबड्डी खेळतो. पंधरा दिवसांनी क्लास टू मेडिकलला, म्हणजे त्यातल्या पहिल्या तपासणीला, गेला तर ठिपक्यांच्या पानातले आकडे त्याला वाचता येईनात, लाल आणि हिरव्यात गोंधळ. अठरा वर्षं कुणाला कळलं नव्हतं, त्याला स्वतःलाही नाही. पुढच्या तपासणीतही तेच निघालं. आणि भरलेल्या पैशाचं विचारलं तर पावतीच्या मागं बारीक अक्षरात लिहिलेलं, परत मिळणार नाहीत. बाग वाचली एवढंच.

रंगांचं एवढं काय, असं त्या बापाने मला विचारलं. रेडिओ बंद पडला तर टॉवरवरून दिवा दाखवतात, हिरवा म्हणजे उतर, लाल म्हणजे थांब, दुसऱ्याला वाट दे. धावपट्टीच्या बाजूला चार दिव्यांची ओळ असते, दोन पांढरे दोन लाल दिसले की तुम्ही बरोबर उंचीने उतरताय, चारही लाल झाले की फार खाली आलात. आता ज्याला लाल दिसतच नाही त्याने काय करायचं. त्यांना पटलं, पण पटून काय उपयोग, पैसे गेलेच होते.

म्हणून माझं एवढंच म्हणणं आहे की क्रम उलटा करा. आधी डीजीसीएच्या (विमानांचे नियम बघणारं केंद्राचं खातं) यादीतल्या डॉक्टरकडे क्लास टू करून घ्या, रक्त, लघवी, ईसीजी, छातीचा एक्स-रे, कान, डोळे, सगळं होतं, खर्च काही हजारांचा. कमर्शियलला जायचं असेल तर त्यानंतर क्लास वनही होऊ द्या. त्याआधी कुणालाही टोकन नाही, सीट बुकिंग नाही, काही नाही. एका एअरफोर्समधून रिटायर झालेल्या डॉक्टरांनी मला हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं आणि माझी बीपीची कटकट तिथंच लक्षात आली, सहा महिने मीठ कमी करून, सकाळी गंगापूर रोडला चालून मग पास झालो. फी भरून झाल्यावर हे निघालं असतं तर बीपी अजून वाढलं असतं.

दुसरी गोष्ट पैशाची, आणि यात मी स्वतः पोळलोय. आम्हा नाशिककरांना विमान नवीन नाही, ओझरला एचएएलच्या कारखान्यात मिग लढाऊ विमानं बनायची तेव्हा शाळेच्या मैदानात खेळ थांबवून आम्ही वर बघायचो आणि गांधीनगरच्या आर्मीच्या शाळेची हेलिकॉप्टरं तर आजही दुकानावरून जातात, त्यामुळे हौस लहानपणापासूनची, आणि हौसेला अक्कल नसते. लॉकडाऊन उठल्यावर मी एका फ्लाइंग क्लबात (नाव लिहीत नाही) तीन लाख एकदम भरले कारण एकदम भरलं तर तासाला दर कमी. विमानं दोन. एकाचं इंजिन ओव्हरहॉलला गेलं ते सात महिने आलंच नाही, दुसऱ्यावर कमर्शियलची पोरं रांगेत, माझ्यासारखा शनिवार-रविवारचा हौशी माणूस कायम शेवटी. एकदा तर पेट्रोल संपलंय म्हणून परत पाठवलं. या विमानांना लागणारं पेट्रोल पंपावरचं नसतं, वेगळं असतं, एव्हीगॅस, ते तेव्हा बाहेरून यायचं, इंडियन ऑइलने आपल्याकडचं एव्हीगॅस बाजारात आणलं 2022 साली. सात महिन्यांत माझे तास झाले नऊ. उरलेले पैसे अर्धेमुर्धे परत मिळवायला जेवढे फोन केले तेवढे मी औषध कंपनीलाही केले नसतील.

मग दुसरीकडे गेलो. तिथं सांगितलं, उडाल तेवढ्याचे द्या. दर जास्त पण झोप लागायची.

शुक्रवारी रात्री दुकान बंद करून गाडी काढायची, पहाटे साडेपाचला हँगरवर, म्हणजे विमानं ठेवतात त्या शेडवर. सकाळीच का, तर दहाच्या पुढं जमीन तापते, गरम हवेत इंजिनही सुस्त आणि पंखही सुस्त, छोटं सेसना विमान वर चढायला कंटाळा करतं आणि वर गेलं की फुफाट्यातल्या पाचोळ्यासारखं हलतं. पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे नुसतं ढगांकडे बघत चहा. हिवाळ्यात धुरकं. एप्रिलमध्ये घारी. चाळीस तास म्हणजे महिनाभराचं काम वाटतं ना कागदावर, मला पहिल्या क्लबाचे नऊ धरून अडीच वर्षं लागली. टेक्ससमध्ये राहणाऱ्या माझ्या चुलतभावाच्या मुलाने पाच महिन्यांत काढलं, तिथंही किमान तास चाळीसच आहेत, फक्त तिथं गावागावात विमानतळ आणि विमान रिकामं मिळतं.

उडायच्या आधी पहिलं काम विमानाभोवती फिरायचं. पंखाखालच्या छोट्या नळीतून पेट्रोल काढून प्लॅस्टिकच्या पेल्यात धरायचं आणि उजेडात बघायचं, तळाला पाण्याचा थेंब तर नाही ना. पेट्रोल फिकट निळं असतं, पाणी असलं तर खाली मोत्यासारखं बसतं. मी फार्मसीवाला, बाटली उजेडात धरून बघणं हेच आयुष्यभर केलंय, त्यामुळे सगळ्यात हे एकच काम मला पहिल्या दिवसापासून जमलं. बाकी उजव्या पायाने माझा जीव खाल्ला. टेक-ऑफला फुल पॉवर दिली की विमानाचं नाक डावीकडे ओढतं, उजवा रडर (शेपटीच्या सुकाणूचं पायातलं पेडल) दाबायचा असतो, आणि आमचे इन्स्ट्रक्टर सर दर वेळी तेच ओरडायचे, "राइट रडर, राइट रडर, अहो काका पाय आहे का तिकडे?" वय तिशीच्या आतलं त्यांचं. मी त्यांना सर म्हणायचो, ते मला काका.

परीक्षेत नियम, नॅव्हिगेशन, हवामान आणि विमान-इंजिन, पासिंग 70 टक्के. मी मराठी माध्यमाचा, हवामानाचा अभ्यास रात्री काउंटरवर करायचो, हिने विचारलं तर म्हणायचो स्टॉकचा हिशोब करतोय. रेडिओचं सर्टिफिकेट वेगळं, इंग्रजीची परीक्षा वेगळी. माझ्या वेळी रेडिओची परीक्षा दूरसंचार खात्याकडे होती, ते त्रांगडं होतं, आता नव्या कायद्याने 1 जानेवारी 2025 पासून तेही डीजीसीएकडे आलंय ते बरं झालं.

आणि सोलो, म्हणजे पहिल्यांदा एकट्याने उडणं. एका शनिवारी तीन लँडिंग झाल्यावर सरांनी विमान थांबवायला लावलं, स्वतःचा बेल्ट काढला, दार उघडून उतरले आणि म्हणाले एक चक्कर मारून या. मागं बघितलंच नाही त्यांनी. मी शेजारच्या सीटवरचा रिकामा बेल्ट बांधून टाकला, नाहीतर लोंबकळत राहतो, तो बांधताना हात कापत होता. पण उडालो आणि पहिलं काय जाणवलं तर विमान एकदम हलकं, सर उतरले म्हणजे सत्तर-पंचाहत्तर किलो कमी झाले ना, नेहमीच्या जागेच्या खूप आधी वर गेलं आणि मी घाबरून नाक खाली दाबलं. वळलो, खाली कांद्याची शेतं, एक बाई विहिरीवर. फायनलला, म्हणजे उतरायला धावपट्टीच्या सरळ रेषेत, आलो तर धावपट्टीच्या टोकाशी कुत्रं. पॉवर दिली, परत वर, परत चक्कर. सरांनी सांगितलेली एक चक्कर, मी मारल्या दोन. उतरल्यावर पोरांनी बादलीभर पाणी ओतलं अंगावर, पद्धत आहे ती.

हे सगळं एवढ्यासाठी सांगतोय की हौस म्हणून पीपीएल ही फार भारी गोष्ट आहे आणि तिला नोकरीचं आमिष म्हणून विकू नका. जे.आर.डी. टाटांना 10 फेब्रुवारी 1929 ला आपल्याकडचं एक नंबरचं लायसन्स मिळालं तेव्हा ते काही एअरलाइनच्या जाहिरातीला अर्ज करणार नव्हते, उडायचं होतं म्हणून शिकले, एअरलाइन नंतर त्यांनीच काढली. माझा खर्च पहिल्या क्लबात बुडालेले धरून आठ लाखांच्या पुढं गेला, दोन बेडरूमच्या फ्लॅटचं स्वप्न पुढं ढकललं, हिने अजून माफ केलेलं नाही, पण ते माझे पैसे होते आणि मला परत काही कमवायचं नव्हतं. बाग विकून जाणाऱ्या पोराचं गणित वेगळं असतं.

ज्यांना जायचंच आहे त्यांनी जावं, जरूर जावं. पण क्लबात जाऊन आधी हँगरमध्ये किती विमानं आज उडतायत ते मोजा, वेबसाइटवर आहेत ती नव्हे, आणि किती पोरांत ती वाटली जातायत ते पोरांनाच चहावर विचारा, ऑफिसात विचारू नका. ऑक्टोबर 2025 पासून डीजीसीए फ्लाइंग स्कूलना ग्रेड देतंय, पहिल्या यादीत वरच्या दोन ग्रेडमध्ये एकही शाळा आली नाही, यावरून काय ते समजा. ग्रेड बघा, आणि पैसे हप्त्याने किंवा तासाने द्या.

पुढच्या पुरवणीत मेडिकलची एवढी एक चौकट छापाल का? क्लास टू म्हणजे काय, कुठं होतं, आणि ते झाल्याशिवाय पैसे भरू नका, चार ओळी. जागेअभावी पत्र कापायचं झालं तर माझा सोलोचा भाग काढून टाका, चालेल, मेडिकलचा तेवढा ठेवा.

आपला,
एक मेडिकलवाला, नाशिक